रेडकाचा वाटा

“खटावे बाई, तुमचा हात बारीक. घाला आत आणि सांगा काय लागतंय,” असं म्हणून हेरवाडकर साहेब गोठ्याच्या दारातल्या बाजल्यावर जाऊन बसले. बसले ते बसलेच. तंबाखूची चिमूट ओठाखाली दाबली आणि घड्याळात पाहिलं.

मी शेणामुतात गुडघे टेकून उजवा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत घातला होता. साबणाचं पाणी, रक्त, पहाटेपासून कोंडलेल्या गर्भजलाचा आंबूस वास आणि वरून साहेबांच्या तंबाखूचा भपकारा. मला नोकरी लागून सात महिने झाले होते. वासांची सवय झाली, अशी माझी समजूत होती.

“वाट पिळवटलीय साहेब,” मी म्हणाले. “ओल्या लुगड्याला पीळ घालावा तशी. जेमतेम बोटं पुढे जातायत.”

“मग लोळवा.”

“म्हंजे काय ओ बाई?” बाळगोंडा पाटलांनी विचारलं. म्हैस त्यांची. पन्नाशीचा काटक माणूस, कपाळावर केशराचं गंध अजून ओलं. जैन बस्तीतून पूजा करून तसेच सायकल मारत ते दवाखान्यात आले होते.

“गर्भाशयाला पीळ बसलाय आण्णा. पिळामुळे रक्त पोचत नाही, आणि रक्त नाही म्हणजे ऑक्सिजन नाही. रेडकू आत गुदमरतंय.”

“पण जित्तं हाय न्हवं?”

“पीळ सुटल्याशिवाय हात पोचायचा नाही. मग सांगते.”

त्यांच्या मंडळी, सुगंधाक्का, म्हशीच्या डोक्याशी बसून तिच्या शिंगामागं खाजवत होत्या. त्या म्हणाल्या, “माझ्या लग्नात वडलांनी माझ्यामागनं एक रेडी धाडली होती बाई. तिची लेक, लेकीची लेक, असं करत करत ही हरणी. हिची आई गेल्या साली पान लागून मेली, गवतात साप हुता. आता ही एकटीच ऱ्हायली. पैलंच वेत हाय. रेडी झाली पायजे, आणि जगली पायजे. दुसरं काय मागत न्हाई.”

त्या बाईला खरोखर दुसरं काही नको होतं. एक काळं ओलं रेडकू जिवंत बाहेर यावं, एवढंच. आणि ते माझ्या या बारीक हातात होतं.

साहेबांचं वर्णन करायचं तर त्या दिवशी त्यांनी पांढराशुभ्र सफारी घातला होता. जीपच्या मागच्या सीटवर नवा कोट हँगरला लावून ठेवला होता, कारण दुपारी तीन वाजता कोल्हापुरात त्यांचा सत्कार होता. ‘आदर्श पशुवैद्यक’. शाल, श्रीफळ, मानपत्र. येताना जीपमध्ये त्यांनी मला मानपत्राचा मसुदा वाचून दाखवला होता, तो त्यांनीच लिहिला होता. ‘मुक्या जीवांची वेदना ज्यांना न बोलता कळते’ या वाक्यापाशी थांबून त्यांनी मला विचारलं, कसं वाटतं? मी म्हणाले, छान. शी! आजही ते ‘छान’ आठवलं की जीभ घासून काढावीशी वाटते.

मग त्यांनी माझी फिरकी घेतली होती. “तुम्ही गोल्ड मेडलवाल्या. मेंढीच्या पोटातल्या कोकराला गुदमरवून बघितलंत म्हणे कॉलेजात?”

“सरांचा प्रयोग होता. मी मदतीला होते.”

“काय बघितलंत?”

आणि मी, पाठ केलेली पोर, धडाधडा बोलत सुटले. गाभण मेंढीला कमी ऑक्सिजनची हवा हुंगायला दिली की मिनिटभरात आतलं कोकरू बदलतं. आपण गुदमरलो की हातपाय झाडतो, ते उलट हातपाय झाडायचं सोडून देतं. पोटात ते छाती हलवून श्वासाचा सराव करत असतं, तोही थांबवतं. हृदयाचे ठोके कमी करतं. आतड्याचं, कातड्याचं, पायांचं रक्त आखडून घेतं आणि मेंदूला, हृदयाला पाठवतं. तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता. बाहेरून आलेले परीक्षक माझं उत्तर ऐकून म्हणाले होते, वा बाई, तुम्ही तर आत जाऊन आल्यासारखं सांगता.

“म्हणजे मेल्याचं सोंगच की!” साहेब हसले आणि जीपबाहेर थुंकले. “आमच्या हेडक्लार्कसारखं. काम आलं की निपचित.”

मीही हसले होते.

तर, म्हैस लोळवली. आमचा ड्रेसर बंडा आणि शेजारचे तिघे यांनी दोर लावून हरणीला उजव्या कुशीवर पाडली, पाय बांधले. तिच्या पोटावर लांब फळी टाकली. बंडा फळीवर उभा राहिला, म्हणजे पोट जागच्या जागी दाबून धरलं जातं आणि बाकीच्यांनी म्हैस फिरवली की पीळ उलटा सुटतो. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला हरणी अशी हंबरली की सुगंधाक्का उठून बाहेर गेल्या. तिसऱ्या खेपेला पोटात गडगडल्यासारखा आवाज झाला आणि भसकन पाणी आलं. माझ्या मांडीवर, तोंडावर, सगळीकडे. तपकिरी, बुळबुळीत. ओठ मिटून घेतले म्हणून बरं.

“सुटला!” बंडा ओरडला.

सुटला खरा. आता हात सरळ आत गेला. रेडकाचे पुढचे दोन पाय वाटेत होते, पण डोकं नव्हतं. मान मागे वळून बरगडीला टेकली होती. हात ताणून मी तोंड शोधलं. जिवंत रेडकाच्या तोंडात बोट घातलं की ते चोखतं. याची जीभ लुळी. खुराच्या बेचक्यात चिमटा काढला. पाय मागे घेतला नाही. डोळ्यावर दाबलं. काही नाही.

“चोखत नाही साहेब. पायही ओढत नाही.”

“मेलंय,” साहेब बाजल्यावरून म्हणाले. जागचे हलले नाहीत.

बाळगोंडांचा चेहरा मला दिसत नव्हता, माझं तोंड म्हशीच्या मांडीला चिकटलेलं होतं. पण त्यांनी श्वास घेतलेला ऐकू आला.

मी हात काढला नाही. रेडकाच्या काखेतून बोटं सरकवून छातीवर टेकवली. चिकट, घट्ट. वरून गर्भाशय कळ देऊन माझा हात आवळत होतं, जात्यात सापडल्यासारखी हाडं दुखत होती. आणि तिथे, बोटांच्या टोकांना, काहीतरी लागलं. एक ठोका. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, भास. मग पुन्हा एक.

“साहेब, ठोका लागतोय.”

“किती?”

“फार सावकाश. मधे मधे.”

साहेब हसले. तसं हसू मी नंतरही अनेक मोठ्या माणसांच्या तोंडावर पाहिलं. “बाई, ती तुमच्याच बोटाची नाडी. कळेत हात आवळला की आपलीच बोटं ठणकतात. नव्या माणसाला हमखास होतं हे. मलाही पहिल्या वर्षी झालं होतं.”

हे खोटं नाही. असं होतं. पुस्तकातही आहे.

“मान सरळ करून बघू? किंवा सिझेरियन—”

“मेलेल्याची मान सरळ करून काय मिरवणूक काढायचीय? आणि सिझेरियनला तीन तास. मला एक वाजता निघायचंय. डोकं कापा, धड ओढा, मोकळं व्हा. म्हैस वाचवा. बंडा, तार काढ.”

माझ्या बोटांना पुन्हा एक ठोका लागला. मी गप्प बसले. साहेब पंचवीस वर्षांचे अनुभवी, मी सात महिन्यांची. असं मी मनाशी म्हणाले. खरं तर मी दमले होते, माझा हात मोडायला आला होता, आणि मलाही मोकळं व्हायचं होतं.

तारेची करवत म्हणजे पीळदार, धारदार तारेचा फास. तो आत नेऊन मानेभोवती टाकायचा, म्हशीला कापू नये म्हणून दोन्ही टोकं नळ्यांतून बाहेर काढायची आणि टोकांच्या मुठी धरून कुणीतरी बाहेरून खालवर ओढायच्या. आत कापलं जातं. आतला हात माझाच. मुठी ओढायला बंडा हवा होता, पण तो फळीवरून उतरताना घसरून पडला होता आणि मनगट धरून बसला होता. शेजारचे तिघे म्हशीला दाबून धरून होते. साहेबांना सफारी खराब करायचा नव्हता.

“पाटील, धरा मुठी,” ते म्हणाले. “एक खाली, एक वर. जोरात.”

बाळगोंडा मागे सरले. “आमच्यात... मी मुंगी बी मारत न्हाई ओ साहेब.”

“मारायचं कुठं आहे? मेलेलं आहे ते. लाकूड कापल्यासारखं. चला, म्हैसही जायची हातची.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाई, मेलंय न्हवं नक्की?”

मी मान हलवली. होय अशी.

त्यांनी गंधाच्या कपाळावरचा घाम पुसला, काहीतरी पुटपुटले आणि मुठी धरल्या. तार सरसर फिरायला लागली. मी आत मानेपाशी फास धरून होते, दुसरा हात रेडकाच्या पुढच्या पायावर. पाच-सहा वेळा तार गेली असेल. माझ्या मुठीतला तो लुळा पाय एकदम ताठ झाला. ताठ झाला आणि त्यानं माझा हात मागे ढकलला.

मग रक्त आलं. मेलेल्या गर्भाचं रक्त साकळलेलं असतं, काळपट. हे ऊन होतं, लाल होतं, आणि उसळून आलं. माझ्या कोपरापासून ओघळत बाळगोंडांच्या पायांवर पडलं.

“थांबू काय?” त्यांनी विचारलं.

“थांबू नका,” साहेब म्हणाले. ते उठून जवळ आले होते. त्यांनी रक्त पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्यांनाही कळलंय. “म्हशीचं आहे ते रक्त. थोडं येतंच.”

आणि बाळगोंडा थांबले नाहीत.

धड बाहेर आलं तेव्हा सुगंधाक्का दारात आल्या होत्या. त्यांनी पुढे होऊन शेपटी उचलून बघितली. “रेडीच होती गं बाई,” त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडावर घेतला. हरणी मान वळवून, जमिनीवर पडलेलं ते चाटायला बघत होती. बंडानं चांगल्या हातानं ते गोणपाटात ओढलं.

मी गोठ्यामागच्या दगडावर बसून हात धुतले. एकदा, दोनदा, पाचदा. नखांत रक्त तसंच.  आणि डॉक्टर माणसाचा हात जसा आपोआप जातो तसा माझा डावा हात उजव्या मनगटावर गेला. मी माझी नाडी मोजली. एकशे अठ्ठावीस. काम संपून दहा मिनिटं झाली होती, तरी एकशे अठ्ठावीस. आत हात अडकला होता तेव्हा ती याहून कमी असणं शक्य नव्हतं.

आणि माझ्या बोटांना लागलेले ठोके? एक ठोका, मग मी ‘भास’ असा विचार करण्याइतका वेळ, मग दुसरा. ती माझ्या बोटाची नाडी असती तर धावत असती. सावकाश होतं, म्हणजे माझं नव्हतं. ते रेडकू सकाळी जीपमध्ये मी सांगितलं तेच करत होतं, शब्दाला शब्द. हालचाल सोडली होती, पायांचं रक्त आखडून घेतलं होतं, हृदय कमी केलं होतं, आणि पीळ सुटायची वाट बघत होतं. पीळ आम्ही सोडवलाही होता. त्यानं आपलं काम चोख केलं, आणि आम्ही त्याला नापास केलं.

साहेब जीपपाशी कोट घालत होते. मी जाऊन सांगितलं. आकड्यानिशी सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग कॉलर सारखी करत म्हणाले, “असेल. नसेल. बाहेर येऊन तासाभरानं मेलंच असतं. हे आता त्या माणसाला सांगणार आहात? मुठी कुणाच्या हातात होत्या, आठवतंय ना?” त्यांनी कोटाचं बटण लावलं. “पुढच्या महिन्यात तुमचा गोपनीय अहवाल लिहायचाय. हुशार आहे, समजूतदार आहे, असं लिहीन म्हणतो. रजिस्टरात ‘मृत गर्भ’ असं लिहून टाका.”

मी लिहून टाकलं. माझं अक्षर सुरेख आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब दवाखान्यात पेपर पसरून बसले होते. चौथ्या पानावर शाल पांघरलेला फोटो. तेवढ्यात बाळगोंडा किटली घेऊन आले. हरणी उठली होती, चारा खात होती. रेडकाशिवाय पान्हा घालीना, तेव्हा सुगंधाक्कांनी आंबोण दाखवून, कास शेकून पहिला चीक काढला होता. तो त्यांनी दवाखान्यात आणला.

“वा वा!” साहेब म्हणाले. “बंडा, खर्वस लाव.”

बंडानं एका हातानं गूळ किसला, वेलदोडा ठेचला आणि ज्या स्टोव्हवर आम्ही हत्यारं उकळायचो त्याच स्टोव्हवर खर्वस उकडायला ठेवला. काल उकळलेली तार शेजारच्या ट्रेमध्ये वाळत होती. गुळाचा गोड वास आणि डेटॉलचा वास एक झाले. 

बाळगोंडा माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसले. रात्रभर झोपले नसावेत. कपाळावर गंध नव्हतं.

“एक इचारू काय बाई?” ते हळूच म्हणाले. “काल भल्या पाटं हरणी कळा देत हुती. मंडळी म्हनली, आत्ताच डाक्टरास्नी आणा. मी म्हनलं, आज बस्तीत अभिषेकाची पाळी माझी हाय, तेवडा करून जातो. दीड तास गेला माझा. तुमचा हात आत हुता, तुमास्नी कळलं आसंल. त्या दीड तासातच मेलं काय त्ये? आदी आलो असतो तर...?”

साहेबांच्या पेपराची सळसळ थांबली.

आजवर मी ही गोष्ट दोघातिघांना सांगितलीय. सगळे म्हणतात, खरं सांगून काय उपयोग होता? आपल्याच हातांनी जिवंत रेडी कापली, हे त्या माणसाला कळू दिलं नाहीस, दयाच केलीस. कसली दया! त्यांना वाचवणारं खोटंही माझ्याजवळ होतं. म्हणता आलं असतं की नाही आण्णा, ते रात्रीच गेलं होतं, तुमच्या पूजेचा काही संबंध नाही. त्यालाही दातखीळ बसायचं कारण नव्हतं. पण पेपरामागून साहेब ऐकत होते, आणि दोष कुठेतरी ठेवायचाच होता, आणि समोर एक माणूस स्वतःहून ओंजळ पुढे करून बसला होता.

“थोडा उशीरच झाला आण्णा,” मी म्हणाले. “तासभर आधी आला असता तर बघता आलं असतं.”

त्यांनी मान खाली घातली. “व्हय,” म्हणाले. “मंडळी बी तेच म्हनती.”

पेपर पुन्हा सळसळला.

पुढे कधीतरी बंडाकडून कळलं की बाळगोंडांनी अभिषेकाची पाळी सोडली. बस्तीच्या पायरीपर्यंत जायचे आणि तिथूनच हात जोडून परत फिरायचे.

खर्वस झाला. बंडानं वड्या कापल्या. साहेबांनी एकामागून एक चार खाल्ल्या, बोटं चाटली, त्याच बोटांनी पेपरातला आपला फोटो सरळ केला. बशी माझ्यापुढे आली.

“तुम्ही घ्या ना आधी,” मी बाळगोंडांना म्हणाले.

“आमच्यात चालत न्हाई बाई. याल्यावर पंदरा दिस म्हशीचं दूध आमी तोंडात घालत न्हाई. त्यो रेडकाचा वाटा.” ते उठले, रिकामी किटली हातात घेतली. “आता खानारं ऱ्हायलं न्हाई. मंडळी म्हनली, वाया कशाला घालवायचा? बाईंनी लई हाल सोसलं, त्यास्नी न्हेऊन द्या. घ्या की.”

ते मी खाण्याची वाट बघत उभे होते. मी वडी उचलली आणि तोंडात टाकली. मऊ होती, गोड होती, अजून ऊन होती.

साहेबांनी पेपरावरून डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं, तशी मी दुसरीही घेतली.